रोह्याच्या माळावर कुठं खणू नये

पुणे,
१२ जानेवारी २०२५

विश्वंभरकाका,

नमस्कार. तुम्हाला फोनवरचं ऐकू येत नाही आणि नीलाकाकूंच्या मध्यस्थीने बोलावी अशी ही गोष्ट नाही, म्हणून कागद घेतला.

आधी कामाचं लिहिते. शिरडजवळच्या रोह्याच्या माळावर निसर्ग माहिती केंद्र होणार आहे. रोही, म्हणजे सरकारी कागदावरच्या नीलगायी, आणि काळवीट पाहायला येणाऱ्यांसाठी एक दालन, बसायला सावली, पाणी आणि स्वच्छतागृह, एवढंच. आराखडा आमच्या ऑफिसकडे आला. साहेबांनी विचारलं, हिंगोलीकडचं कोण आहे? मी हात वर केला. का केला ते मला अजून सांगता येणार नाही.

आता दुसरं. दीड वर्षापूर्वी तुम्ही आणि बाबांनी माझ्या मुलीला त्याच माळावर पुरलं. मी नांदेडच्या दवाखान्यात बेशुद्ध होते आणि वैजनाथला डॉक्टरांनी माझ्यापाशी थांबवून घेतलं होतं. जावयाने यायची गरज नाही, आम्ही बघतो, असं बाबा म्हणाले. मला शुद्ध आली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. नंतर मी बाबांना जागा विचारली. एकदा नाही, पुष्कळदा. "बाईला सांगत न्हाईत, साधना," एवढं म्हणून ते उठून जायचे. दिवाळीत बाबाही गेले. म्हणजे ती जागा माहीत असलेले आता तुम्ही एकटे उरलात.

मी तिथे जाऊन रडणार नाही. रडणं मला जमत नाही, त्या दिवसापासून काहीच जमत नाही. ऑफिसला जाते, जेवते, नकाशे काढते. वैजनाथ काही बोलला तर उत्तर देते. मला फक्त नकाशावर एक फुली हवी आहे, की इथे खणू नये. नाहीतर माझ्याच रेघेवरून एखादं यंत्र तिथे जाईल.

तेवढं कळवा.

साधना

—

शिरड शहापूर,
२७ जानेवारी २०२५

प्रिय साधना,

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन म्हणाला, "मास्तर, आताच्या काळात तुमाला पत्र कोण लिहून राहिलं?" मी म्हणालो, ज्याला माझ्याशी भांडायचं असतं ते लिहितं.

रोही बघायला लोक गाडी करून येणार आणि त्यासाठी सरकार इमारत बांधणार, हे काकूला सांगितलं तर तिला खरंच वाटेना. "आमच्या तुरीत या म्हणावं, फुकट दाखवते. वर चहा देते." मागच्या आठवड्यात एका रात्रीत तुरीची दोन तासं, उभ्या ओळीच्या ओळी, खाऊन गेले हे प्राणी. त्यांच्यासाठी पाण्याची सोय होणार आणि आमच्या गावाला नळ एक दिवसाआड. असो. तू काढशील ते चांगलंच काढशील. चौथीत असताना सगळी पोरं कागदाच्या मधोमध घर काढायची, तू एकटी कोपऱ्यात काढायचीस आणि बाकी कागद मोकळा ठेवायचीस. मी मार्क कापले होते. चित्रकलेच्या मास्तरानं असं करू नये.

माळ मोठा आहे, पोरी. कुठंही बांध. गावात बोलणं आहे की साहेब लोकांना वर टेकाडावर पाहिजे, रस्त्यावरून दिसलं पाहिजे म्हणून. तिथं बांधलंस तर काहीच अडचण नाही.

तू खात जा. आवाज येत नसला तरी व्हिडिओवर तोंड दिसतं मला. गालाची हाडं वर आली आहेत.

तुझा काका

—

पुणे,
६ फेब्रुवारी २०२५

काका,

माळ मोठा आहे हे मला माहीत आहे. मी तो मोजून आणला आहे.

मागच्या आठवड्यात आम्ही ऑफिसातले तिघे येऊन गेलो. गावात आले नाही, रागावू नका. घरात आले असते तर बाबांची खुर्ची पाहावी लागली असती. दिवसभर माळावर फिरलो. सलवारीला इतकी कुसळं लागली की परतताना गाडीत बसवेना. सोबतची मुलगी सारखी विचारत होती, मॅडम, तुम्हाला इथलं सगळं आठवत असेल ना? मी हो म्हणाले. खरं तर मी चालत होते आणि प्रत्येक दगडाच्या ढिगाकडे बघत होते. कुठला ढीग शेतातून वेचून टाकलेला, कुठला कुणी मुद्दाम रचलेला, काही कळत नव्हतं.

साहेबांना टेकाडावर हवं आहे, बरोबर ऐकलंत. कमानही हवी आहे आणि कमानीवर दोन सिमेंटची काळविटं. मी नको म्हटलं आहे. माळाचा गुण असा की तिथे काही उभं नसतं. सगळं आडवं असतं. त्यात एखादी भिंत उभी केली की माळ संपला. म्हणून मला इमारत अर्धी जमिनीत घालायची आहे. तिथलाच काळा दगड, माणसाच्या खांद्याएवढी भिंत, वर मुरूम आणि मुरमावर पवन्या गवत. लांबून पाहिलं तर जमीन जराशी फुगल्यासारखी वाटावी. रोही वरून चालत गेला तरी त्याला कळू नये.

यासाठी खोल माती लागते आणि त्या माळावर जिकडेतिकडे वितीवर खडक. ओढ्याकाठी हिवराचं जुनं झाड आहे, तिथे माती खोल आहे. ती जागा मला आवडली. आवडली म्हणजे, तिथे थांबावंसं वाटलं. हल्ली तसं कुठे वाटत नाही.

काका, मी जागा विचारली होती आणि तुम्ही मला रोह्यांचं सांगितलंत. फुलीशिवाय मला पुढे जाता येत नाही. रीत आहे हे मान्य. पण रीत करणाऱ्यांनी तिथे इमारत होणार आणि तीही आईच बांधणार, असं कधी धरलं नसेल.

साधना

—

शिरड शहापूर,
२४ फेब्रुवारी २०२५

साधना,

बरेच दिवस लिहिलं नाही. तीन कागद फाडले.

असं आहे बघ. लहान लेकराला जाळत नाहीत. त्याच्या जागेवर ओटा नाही, नाव नाही. दगड रचायचे, वर बोराटीची काटी टाकायची, की कुत्र्यामांजरांनी उकरू नये. परत येताना मागं बघायचं नाही. आणि आईला सांगायचं नाही. माझ्या आईनं दोन लेकरं घालवली, तिला मरेपर्यंत माहीत नव्हतं कुठं. आईला सांगितलं तर तिचा पाय तिथून निघत नाही आणि पुढचं लेकरू ठरत नाही, असं म्हणतात. खरं-खोटं देव जाणे. माणिकदादानं, तुझ्या बाबानं, ते पाळलं. त्यानं पाळलं म्हणून मीही पाळत होतो.

पण तू म्हणतेस तेही बराबर आहे. तेव्हा सांगतो. ओढ्याकाठचं ते हिवराचं झाड. त्याच्या उगवतीच्या अंगाला. तिथं खणू नको.

काकूला सांगितलेलं नाही. तूही बोलू नको.

तुझा काका

—

पुणे,
१९ मार्च २०२५

काका,

तुमचं पत्र आलं आणि मी रात्रीची गाडी धरून एकटी आले. वैजनाथला साइटचं काम आहे असं सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

सकाळी हिवरापाशी पोचले. ऊन अजून तापलं नव्हतं. उगवतीच्या अंगाला थोडे दगड आहेत, काटी आता नाही. मी खाली बसले आणि रडले. काका, मी पुष्कळ रडले. आवाज करून. एक बाई शेळ्या घेऊन चालली होती, ती लांबूनच वळून गेली. मला वाटलं होतं की हे आता माझ्याच्याने व्हायचंच नाही. उठले तेव्हा भूक लागली होती. वसमतला येऊन दोन प्लेट भजी खाल्ली. तुम्हाला कसं सांगू मला काय मिळालं ते. रीत मोडलीत, तुमचे उपकार आहेत.

परत आल्यावर पुन्हा सगळं पूर्वीसारखं झालं, पण एक दिवस तरी ते सुटलं होतं.

इमारत अर्थातच तिथून हलवली. हिवराच्या आसपास कुदळ लागणार नाही, पाऊलवाटही तिथून नेलेली नाही. नवी जागा उत्तरेकडच्या कपारीखाली, जिथे तो मोठा चपटा धोंडा आहे तिथे. माळावर खोल माती असलेली दुसरी जागा तीच. मागे कपार असल्याने इमारत रस्त्यावरून मुळीच दिसणार नाही, मला हवी तशीच बसते. साहेबांना पटवायला दोन आठवडे गेले, पण मंजुरी आली. कमानही रद्द झाली. पाडव्यानंतर आखणी करून खोदकाम सुरू होईल.

सोबत नकाशा पाठवते आहे. मास्तर म्हणून बघा आणि मार्क द्या.

साधना

—

पुणे,
८ एप्रिल २०२५, दुपार

काका,

हे कागदावर लिहून फोटो काढते आणि यंत्र चालवणाऱ्या देविदासच्या मोबाइलवर पाठवते. तो तुम्हाला दाखवेल.

ठेकेदाराचा फोन आला. काल फक्की मारून आखणी झाली आणि आज सकाळपासून तुम्ही त्या चुन्याच्या रेघांच्या आत बसून आहात म्हणे. उठत नाही, कुणाचं ऐकत नाही. गावातली माणसं जमली आहेत. रोह्यांच्या इमारतीला मास्तरांचा विरोध आहे, गावाला आधी पाणी द्या, असं कुणीतरी बोलायलाही लागलं आहे. उद्या हे छापून आलं तर काम बंद पडेल.

विरोध होता तर मला लिहायचं होतं. मी नकाशा पाठवला, तीन आठवडे तुम्ही गप्प. तुरीचं नुकसान होतं हे मला कळतं. पण या माळावर मला एकच गोष्ट नीट करायची होती. तीही माझ्याच घरच्या माणसाने उन्हात बसून अडवावी?

उठा. काकूंना घोर लागला असेल.

साधना

—

रोह्याचा माळ,
८ एप्रिल

साधना,

सिमेंटच्या पिशवीचा कागद आहे, अक्षर समजून घे. देविदास फोटो काढून पाठवतो. वाचू नको म्हणून त्याला सांगितलंय. वाचलं तर वाचू दे.

माझा कशाला विरोध नाही. बांधा, रोह्यांना खुर्च्या टाका. पण इथं नको. ती इथं आहे. त्या चपट्या धोंड्याच्या खालच्या अंगाला, मी बसलोय तिथं.

हिवराचं मी खोटं सांगितलं. जागा सांगायची नव्हती आणि तुला उत्तर तर द्यायचं होतं. हिवर तुला आवडला असं तूच लिहिलं होतंस. तिथं सावली आहे, पाणी जवळ आहे. मला वाटलं, तुला आवडलेली जागा तुला द्यावी, तुझं मन शांत होईल आणि रीतही राहील. आणि तू तिथून निघालीस की वर टेकाडावर जाशील, साहेब लोकांना तिथंच पाहिजे होतं. माळावर खोल माती दोनच ठिकाणी आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पोरी, आम्ही दोघं भाऊसुद्धा त्या दिवशी खोल मातीच शोधत फिरलो होतो.

तुझा नकाशा आला आणि माझं पाणी पाणी झालं. पत्र लिहायला बसायचो आणि उठायचो. तू रडलीस, भजी खाल्लीस, ते खोट्यावर होतं हे तुला कोणत्या तोंडानं सांगू? मला वाटत होतं सरकारी काम आहे, वर्षभर सुरू व्हायचं नाही. काल संध्याकाळी इथं फक्की दिसली. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी येऊन यांना म्हणालो, इथं खणू नका. ते विचारतात, "काहून?" आता काहून ते यांना कसं सांगू? तुला सांगितलं नाही ते यांना सांगू? म्हणून बसलो.

देविदासनं यंत्र बंद केलं. त्यानं काहीच विचारलं नाही. "मास्तर, टोपी तरी घाला," म्हणाला आणि आपली दिली.

तू सांगशील तेव्हा उठतो.

तुझा काका

—

पुणे,
२७ एप्रिल २०२५

काका,

त्या दिवशी "काम थांबवा, काकांना घरी सोडा" एवढंच देविदासला कळवलं. पुढे लिहायला मला वेळ लागला. रागावले होते का? असेन. राग आल्यावर काय होतं ते मी विसरले आहे, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

मी दुसऱ्या आठवड्यात येऊन गेले. तुम्हाला कळलं असेल, देविदास भेटला होता. फक्की अजून होती. मी धोंड्याच्या खालच्या अंगाला उभी राहिले, मग बसले. ऊन उतरेपर्यंत बसले. काही झालं नाही, काका. डोळ्यांत पाणी नाही, छातीत काही नाही. मोठ्या खटपटीने मी स्वतःला सांगत होते की ही खरी जागा आहे, आता तरी काहीतरी हो. मुंग्या पायावरून चालल्या होत्या त्या बघत बसले. निघताना पायाने फक्कीची रेघ पुसली आणि रस्त्याला लागले.

खोट्या जागी सगळं आलं आणि खऱ्या जागी काहीच नाही, याचं आता काय करू?

इमारतीचं असं झालं. ती वर टेकाडावर गेली, नागड्या खडकावर. तिथे काही पुरता येत नाही, इमारतही नाही. त्यामुळे ती जमिनीत जात नाही, खडकावर बसते. दगडावर दगड, पाया नावापुरता. भिंती आणखी खाली आणल्या, छप्पर टेकाडाच्या उतारासारखंच उतरतं ठेवलं. तरीही रस्त्यावरून दिसेल. मला हवी होती तशी ती नाही, पण वाईटही नाही. जागा बदलायचं कारण मी कागदोपत्री "खालच्या भागात खोदकाम अयोग्य" असं दिलं. साहेब खूश झाले, त्यांना टेकाडच हवं होतं. त्यांनी कमान पुन्हा काढली. मी दिली. काळविटं मात्र दिली नाहीत.

नकाशावर दोन फुल्या आहेत, हिवरापाशी एक आणि धोंड्यापाशी एक. दोन्हीकडे खणायचं नाही. सोबतच्या मुलीने विचारलं, मॅडम, इथे काय आहे? मी म्हटलं, गवत आहे.

तुमच्यावर राग धरलेला नाही. तुम्ही उन्हात बसलात. पण एक विचारायचं राहिलं आहे आणि ते विचारायला तुमच्याशिवाय कुणी नाही. वैजनाथने तिला काचेतून पाहिलं, नळ्या लावलेल्या. त्याला फक्त नळ्याच आठवतात. मी तर पाहिलंच नाही. जागा जागा करत राहिले आणि हे कुणाला विचारलंच नाही.

ती कशी होती?

साधना

—

शिरड शहापूर,
५ मे २०२५

साधना,

खऱ्या-खोट्याचं मला विचारू नको. मला कळत असतं तर हे सगळं झालंच नसतं. विचारलंस तेवढं सांगतो. रीत यालाही नाहीच म्हणते, पण आता रीत काय राहिली.

केस पुष्कळ होते. काळे, कपाळावर आलेले. कपाळ माणिकदादासारखं मोठं. उजव्या कानाची पाळी जरा दुमडलेली होती. हनुवटी तुझी. रंग उजळ. नाकावर नळीच्या पट्टीचा वळ होता तेवढाच, बाकी चेहऱ्यावर त्रास काही दिसत नव्हता. मी चित्रकलेचा मास्तर, चेहरे बघायची सवय आहे, म्हणून हे खात्रीनं सांगतो.

काकूनं तिच्या धुतलेल्या सुती लुगड्याचा तुकडा दिला होता, त्यात गुंडाळली. दवाखान्यातून दादानंच घेतली होती, पण जीपमध्ये बसताना त्यानं ती माझ्यापुढं धरली. मग मी घेतली. नांदेडपासून ती माझ्या मांडीवर होती. मान धरून, जसं लहान लेकरू घेतात तसं. तसं घ्यायची गरज नव्हती, पण दुसऱ्या रीतीनं धरता येईना.

वसमतला बाजार होता. गर्दीत जीप अडकली. एक पेरूवाली टोपली घेऊन खिडकीशी आली. मांडीवर बघून म्हणाली, "किती दिवसाचं हाय लेकरू?"

मी म्हणालो, "दोन दिवसाचं."

"पोरगं का पोरगी?"

"पोरगी."

"झोपली जणू."

"व्हय."

दादा तोंड फिरवून दुसऱ्या खिडकीतून बघत होता. त्या बाईनं टोपली खाली ठेवली. हात आत घातला, तिच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "लई देखणी हाय बाई," म्हणाली. "दृष्ट काढा घरी गेल्यावर." एक पेरू माझ्या हातात दिला. "तिच्या मायला द्या."

पेरू मी तुला दिला नाही. तो मी माळावर तिच्याजवळ ठेवला.

तुझा काका